सुदृढ बालक स्पर्धेतले डोळे

माझ्या मुलीचे डोळे मोठे होते आणि त्याचा माज मला होता. सात महिन्यांची पोर, पण तिचे डोळे पाहायला परमुलखातल्या आमच्या कारखान्याच्या वसाहतीत पार रुआबांधा सेक्टरहून मराठी मंडळी यायची. उजेडात नेलं की ती डोळे मिटून माझ्या खांद्यात तोंड खुपसायची, डोळ्यांतून पाणी गळायचं. "लाजते," असं मीच सगळ्यांना सांगायचो. सासूबाई रोज मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढायच्या.

आमच्या गणपतीत सुदृढ बालक स्पर्धा असे. त्या वर्षी परीक्षक डोळ्यांचे डॉक्टर होते, आमच्या नागपूरकडचेच. त्यांनी पोरीला मांडीवर घेतलं, डोळ्यांवर टॉर्च मारला आणि बक्षीस शेजाऱ्यांच्या ढब्बू पोराला दिलं. मी मांडवातच आवाज चढवला, "असे डोळे हायेत का इथं कोनाचे? बक्षीस कावून नाही देल्लं?"

"डोळे असे आहेत म्हणूनच," डॉक्टर हळूच म्हणाले. "उद्या हिला दवाखान्यात आणा. उशीर केला तर नजर जाईल."

तो काचबिंदू होता. मला वाटायचं, तो म्हाताऱ्यांनाच होतो. डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट जन्मतःच नीट झाली नव्हती. आत दाब वाढत होता आणि लहान मुलाचा डोळा नरम, म्हणून ताणून मोठा होत होता. ऑपरेशन करून वाट मोकळी करायची, मग औषधाचे थेंब, आणि दाब जन्मभर तपासत राहायचा. मी प्लांटात दिवसभर प्रेशरचे गेज बघायचो. काटा जरा चढला की फोनवर सगळ्यांना फैलावर घ्यायचो. घरात मात्र त्याच दाबाचं कौतुक करत बसलो होतो. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नाही.

सासूबाईंनी खापर आपल्याच लेकीवर फोडलं. "ग्रहणात सुरी हाती घेतली होती हिनं!"

"आजी, सुरीचा काही संबंध नाही. कोणाचाच दोष नाही," डॉक्टर म्हणाले. बायको तिथंच ढसाढसा रडली.

ऑपरेशन झालं, पट्ट्या निघाल्या. पोरीला दिसतंय का, ते बघायचं होतं. डॉक्टर मला म्हणाले, "तिच्यासमोरून चालत जा. पण तोंडातून शब्द नको, आवाजावर तर ती वळेलच."

जन्मात पहिल्यांदा मी गप्प बसलो. चपला हातात घेऊन चोरासारखा दाराकडून खिडकीकडे निघालो. खिडकीपाशी पोचलो, पण वळून बघायची हिंमत होईना.

"अवो," मागून बायको म्हणाली, "पाहून राहिली ना ते तुमाले."