आबांच्या तोंडाचा वास

"आधी तोंड झाक, मग बोल. अंगणभर वास सुटलाय."

मालकीणबाई आबांना म्हणाल्या. आबा म्हणजे माझे वडील. त्या घरी ते सालगडी होते. मालकीणबाई ओट्यावर, दोघी सुना शेंगा फोडत बसलेल्या, आबा खाली अंगणात उभे. मी त्यांच्याजवळ. नऊ-दहा वर्षांची असेन. आबांना एका दिवसाची सुट्टी हवी होती. हिरडी सुजून गाल टम्म फुगला होता, गेवराईला दवाखान्यात जायचं होतं. एवढंच सांगायला आले, तर हे. सुना हसल्या. एकीने नाकाला पदर लावून दाखवला.

आबांनी खांद्यावरची दस्ती तोंडाशी धरली आणि तेच पुन्हा सांगितलं. पहिल्यापेक्षा हळू. सुट्टी मिळाली नाही. चार दिवसांनी गाल आपोआप बसला. वास राहिला.

त्या दिवसापासून आबा कुणाशीही बोलताना दस्ती तोंडावर धरायचे. दुकानदाराशी, मास्तरांशी, एसटीच्या कंडक्टरशी. पुढे पुढे घरातसुद्धा. आई चिडायची. "घरात कावून झाकता? हितं कोन मालक बसलाय?" आबा हसायचे, तेही झाकूनच.

आबा अस्वच्छ नव्हते. रोज सकाळी कडुलिंबाची काडी घेऊन बसायचे, चूळ लाल होईपर्यंत घासायचे. दात हलायला लागले, भाकर चहात भिजवून खायला लागले. आम्ही त्याला आजार मानलंच नाही. दात पडले म्हणजे वय झालं, वास आला म्हणजे माणूस घाणेरडा. एवढीच आमची अक्कल.

मी बीडला नर्सिंग शिकत होते तेव्हा आबांना साखर निघाली. गोळ्या सुरू झाल्या. साखर काही उतरेना. आईला वाटायचं, चोरून गूळ खातात. त्यांनी चहा सोडला, भात सोडला, सणाची पोळीसुद्धा सोडली. तरी उतरेना. शेवटी मीच त्यांना बीडच्या एका डॉक्टरांकडे नेलं. कॉलेजमधून तशीच आले होते, पांढऱ्या गणवेशात. डॉक्टर मला "सिस्टर, बसा" म्हणाले. आमच्या घरातल्या कुणाला आजवर कुठल्या साहेबाने बसा म्हटलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. ते मला जपायचं होतं.

डॉक्टरांनी कागद पाहिले, जरा विचार केला आणि टेबलावरची बॅटरी उचलली. "आबा, तोंड उघडा." आबांचा हात दस्तीवरून हलेना. आणि मी म्हणाले,

"सर, राहू द्या. त्यांच्या तोंडाला वास येतो."

डॉक्टरांनी बॅटरी खाली ठेवली. लगेच. सुटल्यासारखे दिसले. एक गोळी वाढवून दिली.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मालकीणबाईंकडे पाहायचे, तसं. बाहेर आल्यावर मला विचारलं, "जेवलीस का गं?"

दोन वर्षांनी ते शेतातच छाती धरून खाली बसले. पुन्हा उठले नाहीत.

मी नोकरीला लागले. एका प्रशिक्षणात दातांच्या डॉक्टरीणबाई शिकवायला आल्या. अगदी साध्या भाषेत सांगत होत्या. हिरडीत पू साठून राहिला की साखर आवरणं अवघड जातं, आणि साखर आवरली नाही की हिरडी आणखी सडते. दोन्हीकडून चालतं ते. हृदयाच्या दुखण्याशीही त्याचं नातं दिसतं. म्हणून साखरेच्या पेशंटचं तोंड बघत चला, असं त्या म्हणाल्या. बाकीच्या लिहून घेत होत्या. मी पेन खाली ठेवलं.

दातांमुळेच आबा गेले, असं मी म्हणत नाही. तसं कुणालाच सांगता यायचं नाही. पण बघायला हवं होतं. एकजण बघत होता, आणि मी त्याला थांबवलं. तिथे मालकीणबाई नव्हत्या, त्यांच्या सुना नव्हत्या. मी होते. शिकलेली, पांढऱ्या कपड्यातली.

आजही एखादा म्हातारा बोलताना तोंडापुढे हात धरतो आणि मला आबा दिसतात. स्वप्नात नाही. भर दिवसा, ओपीडीत, समोरच्या स्टुलावर. मग पेशंट काय म्हणाला ते मला पुन्हा विचारावं लागतं.

आता मी पाटोदा तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात आहे. गेल्या वर्षी गावात दात तपासणीचं शिबिर झालं. जागा पुढाऱ्याची, म्हणून मिरवायला पुढाऱ्याचा भाऊ. तिथल्या बौद्ध वस्तीतली, आमच्यातलीच गयामाय पदर तोंडाशी धरून रांगेत बसली होती. तिची साखर कधीच ताळ्यावर नसते. मीच तिला चार वेळा सांगून आणलं होतं. तिचा नंबर आला, ती खुर्चीत बसली, तोच भाऊ म्हणाला,

"हिला कावून बसवलं? लई वास मारतो. गोळ्या द्या अन् लावा घरी. डॉक्टरसाहेबांना जेवायचं हाय."

डॉक्टर नवा पोरगा होता. हातातला आरसा तसाच धरून त्याने माझ्याकडे पाहिलं.

खोटं कशाला सांगू, माझ्या जिभेवर तेच वाक्य आलं होतं. सर, राहू द्या. इतकं तयार होतं ते. मला माझीच किळस आली. मी म्हणाले, "तपासायचं. वास येतो म्हणूनच तपासायचं."

गयामाय उठायला लागली. "नगं बाई. तुलाच वास यील."

"येऊ दे, माय."

मी हातमोजे चढवले, बॅटरी धरली. तिने पदर खाली घेतला. वास आला. आबांचाच वास. मी तोंड फिरवलं नाही. खालच्या हिरडीत सगळा पू होता, दोन दात नुसते लोंबत होते. साखर फार असल्यामुळे दात लगेच काढता येणार नव्हते. आधी हिरड्यांवर उपचार, गोळ्या, मग बीडला.

भाऊ माझ्याजवळ येऊन म्हणाला, "शिष्टर, लई पुळका आलाय तुमच्या लोकांचा. हितंच नोकरी करायचीय ना?"

"बदली करायची तर करा," मी म्हणाले. "ही बाई तपासल्याशिवाय उठणार नाही."

तक्रार झाली. मला नोटीस आली. मी उत्तर दिलं, त्यात खेद व्यक्त केला नाही. बदलीचं अजून टांगलेलंच आहे. गयामायचे दोन्ही दात काढले, पण साखर अजून वरच आहे. फार उशीर झालाय का, मला माहीत नाही.

माझ्याकडे साखरेचा पेशंट आला की मी त्याचं तोंड बघते. प्रत्येकाचं. मोठ्या घरच्या काहींना माझी बोटं तोंडात चालत नाहीत. त्यांनी तसं माझ्या तोंडावर सांगावं, मी ते त्यांच्या कागदावर लिहीन. बदली झाली तर तिथेही हेच करीन.

आबांची माफी मी मागत नाही. मागितली की मोकळी होईन. मला मोकळं व्हायचं नाही.