चार दिवसांचं बिऱ्हाड

तात्या प्रवासाने कधी दमले नाहीत. ते प्रवासाच्या आधीच दमत. वळकटी बांधायला घेतली, की दोरीची एक गाठ मारून ते ओटीवर बसायचे आणि कपाळ पुसत म्हणायचे, "पोचलो एकदाचे, असं वाटतंय बुवा." गाव तेच, ठाणे, ओटीही तीच, पण चेहरा हिमालयातून चालत आलेल्या माणसाचा!

ठाण्याच्या कचेरीत ते दप्तर सांभाळत. मी त्याच कचेरीतला धाकटा कारकून आणि त्यांचा शेजारी, त्यामुळे सामानाची यादी लिहिणे माझ्याकडे. तात्या येरझाऱ्या घालत सांगायचे, मी मांडीवर कागद घेऊन लिहायचो आणि आतून काकू एकेका जिनसाचा समाचार घ्यायच्या. तुम्हाला वाटेल, स्वारी निघाली होती कुठे? रामेश्वरला? छे हो. कल्याणला! आगगाडीत बसून पान जमवावे, तर ते चघळून होण्याच्या आत येते ते कल्याण.

त्यांची एकुलती एक लेक दुर्गा तिथे दिली होती. लग्नाला सात वर्षे झाली, मूल नव्हते. सासू अंथरुणाला खिळलेली. तिचे सगळे दुर्गाच करायची, म्हणून माहेरी येणे नाही. आणि मूल झाल्याशिवाय लेकीच्या घरचे अन्नपाणी आईबापांनी घ्यायचे नाही, ही तात्यांच्या घरची रीत. तेव्हा भेट म्हणजे सकाळी जायचे, ओटीवर टेकायचे आणि कोरड्या घशाने परत यायचे. त्या वर्षी मात्र दुर्गाने कुणाबरोबर तरी निरोप धाडला, "दोघं चार दिवस राहायला या. फार थकलेय."

"चार दिवस राहायचं, तर चार दिवसांचं आपलं आपण न्यायला हवं," तात्या म्हणाले. "लिही, विनायका. तांदूळ."

तांदूळ, डाळ, मीठ, सरपण, पत्रावळी. विहीर गावाची, तेव्हा पाणी चालेल. पण घागर आणि दोर आपला. इथवर मीही मान डोलावत होतो. मग ते थबकले. "तीन दगड."

काकू तरातरा बाहेर आल्या. "दगड कशाला? कल्याणात दगड मिळत नाहीत?"

"मिळतात ना. पण ते जावयाच्या अंगणातले. त्यांच्यावर चूल कशी मांडायची?"

"मग अंगण कुणाचं? तेही गुंडाळून न्या!"

"अगं, अंगण काही पोटात जात नाही."

"दगड जातात वाटतं तुमच्या!"

यावर तात्या शांतपणे म्हणाले, "नेलेलं नडत नाही." हे त्यांचे ठेवणीतले वाक्य. त्याच्यापुढे काकूच काय, कचेरीतले साहेबसुद्धा गप्प बसत.

असे महिने गेले. रोज संध्याकाळी एक नवी शंका निघे. लेकीच्या चुलीतला विस्तव चालेल का? लिही, चकमक. तिच्या जात्यावर दळलं तर? लिही, पीठ. मला यादीत स्वतःचेच नाव दिसू लागले होते. शेवटी एकदा काकू भांडायला आल्याच नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, आपली पोर याआधी कधी थकलेय म्हणाली होती का हो?"

तात्या उभेच राहिले. मग म्हणाले, "उद्या निघू."

"आणि यादी?" मी विचारले.

"झाली तेवढी झाली."

एवढे लटांबर आगगाडीत कोण घेणार? म्हणून बाळकुमच्या एका ओळखीच्या नावाड्याची होडी ठरवली, आणि यादीबरोबर मीही निघालो. त्याने दगड उचलून पाहिले आणि विचारले, "तात्यानूं, ह्ये धोंडे कशाला? होरी बुरवाची हाय का माजी?" तात्यांनी ते आपल्या हातांनी होडीत ठेवले. भरतीबरोबर खाडीतून जाताना त्यांनी पहिल्यांदाच सामान मोजले नाही. नुसते कल्याणच्या दिशेने बघत बसले.

दारात दुर्गा तांब्या घेऊन धावत आली आणि मधेच थांबली. इतकी वाळली होती, की काकूंनी पदर तोंडाला लावला. "तात्या, पाय धुवायला तरी चालेल ना माझं पाणी?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिले. यादीत हे नव्हते! काकूच म्हणाल्या, "धू गं बाई, धू."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "व्याही आलेत का फौज उतरलीय अंगणात?"

चूल मांडली, भात झाला. रीत आईबापांची, तेव्हा माझे ताट ओटीवर होते. दुर्गाने घरातल्यांना आणि मला वाढले, सासूला भरवले आणि बाहेर येऊन आईजवळ मांडी घालून बसली. समोर एक पत्रावळ ओढली.

"अगं, तुझं तुझ्या घरी..." तात्या गडबडले.

"तुम्हाला माझ्याकडचं चालत नाही. मला तुमच्याकडचं चालतं," दुर्गा म्हणाली. "सात वर्षांत माहेरी जेवले नाही. माहेर अंगणात आलंय, तर उठवता का?"

"जेव गं," आतून सासूबाई म्हणाल्या. "चार दिवस तिकडेच जेव. माहेरी गेलीयस असं धरते मी."

काकू वाढू लागल्या आणि त्यांचा हात अडखळला. तांदूळ दोघांपुरता आणला होता. तिघांना तो परवाच संपणार, आणि संपला की रीतीप्रमाणे घरी परतायचे. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले.

तात्यांनी मनात हिशेब केला. "विनायक उद्या ठाण्याला जाईल आणि घेऊन येईल," ते म्हणाले.

"मी? अहो, आत्ता तर आलो!"

"तू तरुण आहेस, तुला काय धाड भरलीय?" मग लेकीकडे वळले. "दुर्गे, तुला काय हवं घरून?"

ती आधी लाजली. मग म्हणाली, "फणसपोळी." थोड्या वेळाने, "आंबोशी. आणि परसातला चाफा, सुकला तरी चालेल. आणि देवळीत माझे सागरगोटे असतील बघा..."

मी सवयीने कागद काढला होता. पण तात्या 'लिही' म्हणाले नाहीत. हातातला घास तसाच धरून ते ऐकत होते, आणि ती सांगत होती.