नव्या विमानाचा कान

खोडाळ्याजवळच्या पाड्यावर नवसूला सगळे 'विमानवाला' म्हणतात, पण तो विमानात कधी बसलेला नाही. नाशिककडच्या एका खासगी धावपट्टीवर तो विमानं धुतो, ढकलतो आणि वारा सुटला की दोरानं बांधून ठेवतो. कुणी चिडवलं तर म्हणतो, "बैल धुणाऱ्यानं बैलावर बसायलाच पायजे का?"

मालक हेमंत साहेबांची दोन विमानं आहेत. जुनं चाळिशी उलटलेलं. पत्र्याचं अंग, त्यावर रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, रांगा, पंख डोक्यावर आणि पंखांना खालून तिरके टेकू. पोट लाल. आत घड्याळांसारख्या तबकड्या. टेकूला धरून ढकललं की निमूट चालतं. नवं यंदा पावसाळ्याआधी आलं. ते फायबरचं, रिव्हेट औषधालाही नाही. पंख खाली, तबकड्यांच्या जागी दोन मोठे पडदे, आणि संकटात अख्ख्या विमानासाठी उघडणारी छत्री. रंग मात्र पांढराफटक, कारण फायबरला ऊन सोसत नाही. साहेबांना त्याचं इतकं कौतुक, की धुवायचं कामही मेकॅनिककडे. नवसूनं नुसतं ढकलायचं, तेही दाखवलेल्या जागीच हात लावून. नवसूला याचा राग होता, आणि तो रास्तच होता.

विमानाच्या अंगाला एक बारीक भोक असतं. तिथून बाहेरच्या हवेचा दाब आत कळतो आणि त्यावरून उंची नि वेग समजतो. तबकड्या असोत की पडदे, हे भोक बुजलं तर दोन्ही खोटं सांगतात, आणि ढगात खोट्यावर विसंबलेला माणूस डोंगरावर आदळू शकतो. नवसू त्याला कान म्हणतो. जुन्याचा कान पुढे, नाकाजवळ, डाव्या अंगाला. धुताना तो त्यावर पट्टी लावायचा आणि आठवणीनं काढायचा.

दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला पाड्यावर गुरांच्या अंगावर वाटीनं तांदळाच्या पिठाचे ठसे उठवतात. सुट्टीवर निघण्याआधी नवसू जुन्या विमानावरही उठवायचा, कानापासून लांब, शेपटीकडे. साहेब हसून सोडून द्यायचे. यंदा त्यानं नव्यालाही दिले. पांढऱ्यावर पांढरं उमटेना, म्हणून दोन्ही अंगांना वाटी दाबदाबून जाड थर लावला. वाळल्यावर तरीही काही दिसेना. एवढ्या मानपानाच्या विमानाची ही तऱ्हा, असं पुटपुटत तो एसटीत बसला.

घरी त्याची बायको पोशी गाईला ठसे देत होती. गाईनं मान झटकली तशी तिनं वाटी मागे घेतली. "कानात नको जाया," ती म्हणाली, आणि सहज विचारलं, "नव्या इमानाचा कान कठं हाय?"

नवसू सांगायला गेला आणि थांबला. नव्याच्या नाकाजवळ तर भोक नव्हतंच. पुढे नाही, म्हणजे मागे असणार. आणि उद्या सकाळी साहेब मुलीला घेऊन त्याच विमानातून निघणार होते.

पाड्यावर रेंज नाही. तो धावत टेकाडावर चढला. साहेबांचा स्वभाव त्याला ठाऊक होता. नव्या विमानाला अंगठीचा ओरखडा पडला म्हणून त्यांनी ड्रायव्हरला त्याच दिवशी घरी बसवलं होतं. नवसू घाबरला होता. तरी त्यानं फोन लावला.

"सायेब, उद्या इमान उडवू नका. मी त्याला पिठाचे ठसे दिलेत."

"कुठं दिलेस?"

"शेपटीकडं, दोन्ही अंगाला. दिसत नाय ते."

साहेबांनी फोन ठेवला. नवसू तिथेच बसून राहिला. उजेड सरत आला तेव्हा फोन वाजला. मेकॅनिकनं पाहिलं होतं. दोन्ही बाजूंची भोकं वाळल्या पिठानं बुजली होती.

"साफ करून घेतलंय," साहेब म्हणाले. मग म्हणाले, "तू परत येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं खळ्यावर नागलीची कणसं झोडत असताना पांढरं विमान पाड्यावरून गेलं. नवसू ते दिसेनासं होईपर्यंत पाहत राहिला.

"आईकतं का आता?" पोशीनं विचारलं.

"आईकतं."

तिचं समाधान झालं. नोकरी गेल्याचं त्यानं तिला दुपारी, ती पोटभर जेवल्यावर सांगितलं.