डोहाळे सासूच्या हातचे

लेकीला आठवा महिना लागला आणि मी चँडलरहून फ्रीमाँटला तिच्या घरी येऊन थडकले. बॅगेत कपडे कमी, डबे जास्त. पहिलं बाळंतपण आईनं करायचं, यात विचारायचं काय? लेक इथेच, अमेरिकेत जन्मली, जावई फ्रान्समधल्या ब्रिटनीचा, तरी मी हे धरूनच चालले होते.

आल्या आल्या विचारलं, "काय खावंसं वाटतंय गं?" माझ्या मनात पुरणपोळी, साखरभात, गेला बाजार आंबेडाळ. ती सोफ्यावर पाय वर घेऊन म्हणाली, "मामाँचं फार ब्रेतों. आय ड्रीम अबाउट इट, आई."

मामाँ म्हणजे तिच्या सासूबाई. आणि फार ब्रेतों म्हणजे त्यांच्या घरचं पक्वान्न. दूध, अंडी, मैदा, साखर यांचं पातळ मिश्रण, त्यात सुके आलुबुखार, म्हणजे प्रून्स, आणि सगळं ओव्हनमध्ये भाजायचं. दिसायला जाड खरवसासारखं, वरून काळपट. गेल्या नाताळात मी खाल्लं होतं आणि "छान आहे" म्हणून अर्धं ठेवलं होतं.

माझ्या पोटच्या पोरीला डोहाळे लागावेत ते सासूच्या हातचे! इतकं पोटात दुखलं की मी उठून उगाचच ओटा पुसायला घेतला.

पाठीमागून तिचा आवाज आला. "मामाँ बाळ झाल्यावर महिन्यानं येणारेत. पण त्यांना आत्ताच बोलावू का? तिकीट चेंज करता येईल."

"कशाला?" मी म्हणाले. "मी करते की!"

आता आमच्या स्वयंपाकघरात अंडं कधी आलेलं नाही. पण एगलेस केक म्हणाल तर अख्ख्या चँडलरच्या महाराष्ट्र मंडळात माझ्या केकचं नाव आहे. मी दही घेतलं, कंडेन्स्ड मिल्क घेतलं, बेकिंग पावडर घेतली. गोड आहे म्हटल्यावर वेलदोड्याशिवाय कसं चालेल? तोही कुटून घातला. वर प्रून्स खोचले. ओव्हनमध्ये असा टम्म फुगला की मला वाटलं, बघा आता विहीणबाई.

लेकीनं एक घास खाल्ला. "आई, हा तुझा एगलेस केक आहे. विथ प्रून्स." मग ताटली बाजूला सरकवून तिनं फोन हातात घेतला. "मी मामाँना मेसेज करते."

"मेसेज नको, व्हिडिओ कॉल लाव," मी म्हणाले. "रेसिपी विचारते."

ते शब्द तोंडातून काढताना काय झालं ते माझं मला माहीत. विहीणबाई स्क्रीनवर आल्या, पांढरे केस, ओठांवर लिपस्टिक, मागे त्यांचं नीटनेटकं स्वयंपाकघर. त्यांचं इंग्रजी तुटकं, माझं घाईचं. प्रून्स रममध्ये भिजवतात, पण पोटात बाळ आहे म्हणून चहात भिजवा. लोणी खारं हवं. मिश्रण धिरड्याच्या पिठाहूनही पातळ. मी बेकिंग पावडर म्हटल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. फार ब्रेतों ओव्हनमध्ये फुगतं आणि बाहेर काढलं की बसतं, तसंच ते बसायला हवं. मी निमूटपणे ऐकत होते आणि मनात म्हणत होते, बाई, किती तो तोरा!

मग अंडी फोडली. आयुष्यात पहिल्यांदा. पहिल्याचं टरफल आत पडलं, बोटानं काढताना अंगावर शहारा आला. पण फोडली. ओव्हनमधून काढलेलं फार ब्रेतों माझ्या डोळ्यांदेखत खाली बसलं, वरून डागाळलं, कडा काळ्या झाल्या.

लेकीनं घास घेतला आणि डोळे मिटले. दुसरा घास घेतला. मग तिनं पुन्हा फोन लावला.

"मामाँ, आईनं अगदी तुमच्यासारखं केलंय," ती इंग्रजीत सांगत होती. "एक्झॅक्टली तुमच्यासारखं. आता तुम्ही तिकीट बदलू नका, ठरल्याप्रमाणे सावकाश या. आई आहे ना इथे."

"वंडरफुल," विहीणबाई म्हणाल्या. त्या हसल्या, पण हसू अर्ध्यातच थांबलं. मग चष्मा लावून त्या स्क्रीनच्या अगदी जवळ आल्या. "रंग थोडा फिका नाही का?"

रंग काही फिका नव्हता. तो चेहरा मात्र मी लगेच ओळखला. तोंडानं कौतुक करायचं आणि डोळ्यांनी खोट शोधायची, हा उद्योग मी गेल्या नाताळापासून करत होते. समुद्रापलीकडच्या त्या बाईला एवढ्या लांबून तेच होत होतं जे मला होत होतं. मला तिची दया यायला हवी होती.

आली नाही. मी फोनच्या समोर उभी राहून आणखी एक मोठा तुकडा कापला आणि लेकीच्या ताटलीत वाढला.