भजी पाठवून दिवा विझत नाही

वार्सियाहबाईंनी जावा बेटावरच्या गुनुंगकिदुलच्या शाळेत तीस वर्षं पोरांना एकच गोष्ट सांगितली. दक्षिणेच्या आभाळात दिसतो तो पुसट ठिपका म्हणजे एक तारा नव्हे, लाखो ताऱ्यांचा गुच्छ आहे. पोरं माना डोलवायची आणि पाठ वळली की फिदीफिदी हसायची. ते हसू बाईंच्या मनात रुतून बसलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी परसात दुर्बीण मांडली, तिला कॅमेरा जोडला. आता फोटोच दाखवायचा! पण चारच संध्याकाळी हातात होत्या. मग चंद्र आभाळ उजळणार आणि महिन्याभरात गुच्छ नारळांमागे उतरणार.

आडवा आला भिंतीपलीकडच्या बॅडमिंटनच्या मैदानाचा दिवा. अंधार पडला की तो लागायचा आणि बाईंचे फोटो दुधासारखे पांढरेफटक यायचे.

'दिवा बंद करा' असं शेजाऱ्याला तोंडावर सांगायचं? जावात जन्मलेल्या माणसाची जीभच उचलत नाही. खाऊचं ताट पाठवावं, समोरच्यानं ओळखून विचारावं, 'काही अडचण आहे का?' ही तिथली रीत. बाईंनी केळ्याची भजी पाठवली. खेळाडूंनी ताट चाटूनपुसून साफ केलं आणि खुशीत तासभर जास्त खेळले. दुसऱ्या दिवशी दुप्पट भजी गेली, तर दोन तास जास्त!

तिसऱ्या संध्याकाळी खेळाडूंचा म्होरक्या त्रियोनो रिकामं ताट घेऊन आला. बाईंचाच जुना विद्यार्थी.

"बाई, तुमची माया बघून आम्ही आणखी एक दिवा बसवला. कसं लख्ख झालंय बघा!"

बाईंचा जन्मभराचा संकोच त्या क्षणी संपला. "गाढवा, दोन्ही विझव आधी!"

त्रियोनो धूम पळाला. काळोख झाला आणि पाठोपाठ सगळे खेळाडू रॅकेटी घेऊन परसात गोळा झाले.

"बाई, पहिल्याच दिवशी सांगायचं होतं!" दुर्बीण बघून त्रियोनो म्हणाला.

"सांगितलं की! ताट भरभरून सांगितलं."

हशा पिकला. बाईंनी एकामागून एक फोटो घेतले आणि संगणकावर एकावर एक रचले. पडद्यावर हळूहळू सांडलेल्या तांदळासारखे तारे उमटले. बाईंना रडू फुटलं, आणि हसूही.

त्रियोनो बोट लावून मोजायला लागला. शंभराच्या आतच चुकला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा चुकला.

"बाई," तो म्हणाला, "उद्याही दिवा बंदच ठेवतो. अजून पुष्कळ मोजायचे राहिलेत."