पंचमीच्या फेराची चौकशी

हातातला चहा आधी संपवा, मग सांगतो. मध्येच घोट घेतलात तर तो नाकातून बाहेर येईल आणि त्याचा दोषही माझ्यावर येईल. या प्रकरणात आधीच माझ्या नावावर पुरेसे दोष जमा आहेत.

नांदेडमध्ये बातमीदारी करता करता माझे निम्मे केस गेले, निम्मे पांढरे झाले. या धंद्यात माणसाला एक रोग जडतो. कुणी म्हणालं, सूर्य उगवला, की आम्ही विचारतो, कुणी पाहिला? पाहणारा कोण? आणि त्याचा यात फायदा काय? बायको म्हणते, देवळातलं तीर्थही तुम्ही वास घेऊन पिता. पितोच! का पिऊ नये?

लोककला म्हटली की हा रोग जास्तच उसळतो. एका महोत्सवात ‘डोंगरकपारीतलं अस्सल नृत्य’ म्हणून जे दाखवलं, त्यात डोक्याला पिसं लावून सगळ्यांत पुढे नाचणारा गडी आमच्याच गल्लीतला मोबाइल दुरुस्तीवाला होता. मी खालून हाक मारली, तर नाचता नाचता त्याने मला रामराम घातला! तेव्हापासून कुणी ‘लोप पावत चाललेला वारसा’ असं म्हणालं की मी आधी चष्मा पुसतो.

तर गेल्या आषाढात ऑफिसात एक बातमी आली. दिल्लीची एक संस्था देशभरातले नाच चित्रित करून ठेवत होती. पुढच्यांना पाहता यावेत, शिकता यावेत म्हणून. त्यांनी लोह्याजवळच्या एका गावातल्या बायकांचा पंचमीचा फेर निवडला होता. चित्रीकरण ऐन नागपंचमीला, गावातच. फेर बसवणारी कोण, तर सुरेखा नावाची तरुण मास्तरीण. तिने म्हणे गावातल्या म्हाताऱ्यांच्या मागे लागून विसरत चाललेले फेर गोळा केले आणि सुना-लेकींना शिकवले. बातमीसोबत व्हिडिओ होता.

मी तो पाहिला. सुंदर होता. इतका सुंदर, की मला तिथेच शंका आली! सगळ्यांची पावलं एका वेळी, वळणं एका वेळी. आणि मधोमध एक सत्तरीची म्हातारी फुगडीत भोवऱ्यासारखी गरगरत होती. अहो, आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत दोन बायका एका वेळी बसत नाहीत, आणि इथे एवढ्या जणी एका वेळी गिरकी घेतात? सत्तरीच्या बाईचे गुडघे असे असतात? माझे साठीला जिना चढताना कुरकुरतात!

मी आमच्या उपसंपादक पोरीला, अश्विनीला सांगितलं, “पहिल्या पानावर जागा ठेव. हे भांडं आज फोडतो.”

“काका, चांगली बातमी आहे, चांगली म्हणून छापू ना! बायका नाचतात तर नाचू द्या की.”

“बायका कुठल्या, ते आधी बघू.”

आता माझी पद्धत ऐका. खऱ्या तपासाला पत्रकार म्हणून जायचं नाही. पत्रकार दिसला की गाव इस्त्री केल्यासारखं बोलतं. म्हणून मी स्वच्छ पांढरा सदरा घातला. मेव्हण्याची चारचाकी मागून घेतली. गुरुवार होता, बायकोने कपाळाला गंध लावलं. आरशात पाहिलं तर मीच मला ओळखलं नाही. कसा सभ्य, घरंदाज गृहस्थ!

गावात थेट सुरेखाच्या घरी गेलो नाही. स्टँडजवळ बालाजीचं चहाचं हॉटेल होतं, तिथे बसलो. बालाजी म्हणजे गावाची आकाशवाणी, हे दोन मिनिटांत कळलं. आल्यागेल्या सगळ्यांची खबर त्याच्याकडे.

मी हळूच विचारलं, “तुमच्या गावात सुरेखा म्हणून एक मास्तरीण आहे ना? माधवरावांची मुलगी?”

बालाजीने माझ्याकडे पाहिलं. गाडीकडे पाहिलं. मग फडक्याने माझ्यापुढचं टेबल दुसऱ्यांदा पुसलं.

“हाय की. लई गुणाची पोरगी.”

“इथलीच का? की बाहेरून आलेली?”

“हितलीच! आमच्या डोळ्यांसमोर लहानाची मोठी झाली. मान वर करून बगत न्हाई कोनाकडं.”

“नाच चांगला बसवते म्हणे?”

बालाजीच्या हातातली चहाची किटली हवेतच थांबली.

“नाच? छ्या! नाच-बीच काई न्हाई आमच्या गावात, साहेब. कोन म्हनलं?”

पकडलं! मी मनात टाळी दिली. तरी चेहरा कोरा ठेवून विचारलं, “पंचमीला बायका फेर धरतात ना?”

“कशाच्या फेर धरतेत! घरच्या कामातून सवड कुठं? वारुळाला जातेत, लाह्या वाहतेत, घरला येतेत. आन् सुरेखा तर त्येला बी न्हाई जात. घर भलं, शाळा भली.”

चहाचे पैसे घेईना. मी उठलो तर मागे फोनवर त्याची कुजबुज सुरू. “आले हायत बरं का. गाडी हाय. गयाबाईला म्हनावं, सांभाळून.”

ऐकलंत? सांभाळून! म्हणजे गावभर साक्षीदार पढवून ठेवलेले! तीस वर्षांत इतकं उघड कारस्थान मी पाहिलं नव्हतं.

गयाबाई पारावर बसली होती. पाहताक्षणी ओळखली. व्हिडिओतली भोवरा म्हातारी! फक्त आता कंबरेत वाकून, काठी टेकवून, कण्हत बसली होती.

“मावशी, फुगडी छान घालता म्हणे तुम्ही.”

“मी? कामून थट्टा करून राहिलास रे लेकरा? उठता येईना मला.”

मी मोबाइल काढून व्हिडिओ तिच्या नाकासमोर धरला. “मग ही कोण?”

तिने बराच वेळ पाहिलं. स्वतःची गिरकी पाहून तिच्या ओठाचा कोपरा जरा हलला, पण बाई कच्ची नव्हती.

“ही व्हय? ही माझी बहीन हाय. जुळी. मुदखेडला दिली.”

“लुगडं पण तेच आहे!”

“संगंच घेतलं होतं.”

“आणि ही पुढे फेर धरणारी? सुरेखा ना?”

“न्हाई बा. सुरेखा लई शांत पोरगी. सैपाक लई चांगला करती. तिच्या हातची धपाटी खाऊन बगा एकदा.”

धपाटी! मी नाचाचं विचारतोय आणि ही धपाटी सांगतेय! पुढे आणखी तिघींना विचारलं. तिघींचं उत्तर एकच. नाच नाही, फेर नाही, सुरेखा शांत, स्वयंपाक उत्तम. तुम्हीच सांगा, जिथे भावकीत बांधावरून एकमत होत नाही, तिथे सगळं गाव एका सुरात बोलतं, तर संशय येणार नाही?

गाडीत बसून अश्विनीला फोनवर बातमी सांगितली. “मथळा घे. ‘नसलेल्या नाचाला दिल्लीचा मान!’ खाली घे, गावात असा कोणताही नाच नसल्याचे ग्रामस्थांनीच सांगितले. शेवटी घे, याबाबत सुरेखा यांना विचारले असता त्या निरुत्तर झाल्या.”

“काका, विचारलं का त्यांना?”

“विचारायलाच निघालोय. तू लिहून तर ठेव.”

माधवरावांच्या अंगणात पाय ठेवला आणि थक्क झालो. सडा घातलेला. ओसरीवर नवी सतरंजी. माधवराव टोपी सरळ करत सामोरे आले. “या, या! वाट पाहून राहिलो होतो.”

वाट पाहत होते! गुन्हेगार इतका निर्ढावलेला? मी ठरवलं, आधी कबुली घ्यायची, ओळख नंतर सांगायची. पोहे आले. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. लाच! पण भूक लागली होती.

माधवरावांनीच उलट तपासणी सुरू केली. “मूळ गाव कोणतं म्हणायचं?”

“मुखेडकडचं.”

“घरी कोण कोण?”

“मी, बायको, एक मुलगा.”

“मुलगा काय करतो?”

“लातूरला बँकेत आहे.”

“वा! काही व्यसन?”

“चहाचं,” मी म्हणालो. मला वाटलं, माझंच विचारताहेत.

मग मी बशी खाली ठेवली. आवाज खाली आणला. या आवाजाने भल्याभल्या अधिकाऱ्यांना घाम फुटलाय.

“माधवराव, आता लपवू नका. नाचाचं मला सगळं समजलंय.”

त्यांचा चेहरा पडला. “कोणी सांगितलं?”

“कोणीच नाही. म्हणूनच समजलं.”

माधवरावांनी चक्क हात जोडले. “चुकलं साहेब. पोरीच्या हौशीपायी होऊ दिलं. मागच्या वेळेला उदगीरचे पाव्हणे बी याच्यावरूनच उठून गेले.”

“म्हणजे उदगीरच्या लोकांनाही फसवलंत!”

“फसवलं न्हाई हो, सांगायचं राहून गेलं. पण आता बंद. माझी जबान घ्या. तुमच्यासमोर त्या दिल्लीवाल्यांना फोन करतो, पंचमीला येऊ नका म्हणून.”

आणि त्यांनी खरंच खिशातून मोबाइल काढला! काय सांगू, माझी छाती फुगली. चौकशी, कबुली आणि कारवाई, सगळं एका बशी पोह्यांत!

“कुणाला येऊ नका म्हणताय, बापू?”

दारात सुरेखा उभी होती. हातात चहाचा ट्रे, पण डोळे चहा देणारीचे नव्हते. तिने ट्रे माझ्यापुढे ठेवला, तोही आदळून.

“काका, सरळ सांगते. मी नाचते. लग्नाआधी नाचते, लग्नानंतरही नाचणार. गावात फेर येणाऱ्या चार म्हाताऱ्या उरल्यात. मागच्या वर्षी पाच होत्या. पाचवी गेली, तिच्यासंगं तिचा एक फेर गेला. तो आता कुणालाच येत नाही. दिल्लीचे लोक परत परत येणार नाहीत. पटत असेल तर बसा. नसेल तर उठा. पण पोहे संपवून उठा, अन्न आहे.”

मी गोंधळलो. “म्हणजे तुम्ही नाचता?”

“मग आत्ता काय सांगितलं?”

“आणि बाकीच्या बायका?”

“त्याही नाचतात.”

“मग सगळं गाव नाही का म्हणतंय?”

मी पाहिलं तर अंगणात बालाजी, गयाबाई, मघाच्या तिघी, सगळे जमलेले. बालाजी खाकरला.

“साहेब, सोयरीक मोडायचं पाप कोन घेईल? स्थळाची चौकशी करायला आलेल्या मान्सापुढं पोरगी नाचती म्हनून कोन सांगंल?”

“स्थळ? कुणाचं स्थळ?”

“तुमच्या पोराचं! पांढरे कपडे घालून आलात, गाडी आनली, घरी जायच्या आधी हाटेलात बसून पोरगी कशी, कुठली, नाचती का इचारलं. मंग अजून काय असतंय?”

काय सांगू तुम्हाला! आमच्या मराठवाड्यात स्थळाची चौकशी अशीच होते, हे मला माहीत नव्हतं का? माझ्या बहिणीच्या वेळी मीच एका गावात असा बसलो होतो. पण संशयाने पाहायला लागलं की समोरचं सोडून सगळं दिसतं.

“मी पत्रकार आहे,” मी म्हणालो. इतक्या बारीक आवाजात हे वाक्य मी कधी उच्चारलं नव्हतं.

माधवराव मटकन खाली बसले. बालाजी म्हणाला, “आन् मी चहाचे पैसे बी घेतले न्हाईत!”

यावर कुणीही शहाणा माणूस माफी मागून निघाला असता. मी काय म्हणालो? मी म्हणालो, “पण नाच आहे याला पुरावा काय?”

“थांब, दावते पुरावा,” म्हणत गयाबाईने काठी माझ्या मांडीवर टाकली आणि पदर खोचला. तिची कंबर बघता बघता सरळ झाली. बायकांनी हातात हात गुंफले. एकीने ओळ म्हटली, दुसऱ्या अर्ध्या फेराने ती झेलली. पाऊल पुढे, वाकून मागे, टाळी, पुन्हा पाऊल. सगळं एका वेळी! मग गयाबाईने सुरेखाचे हात धरले आणि फुगडी अशी फिरली की मलाच गरगरलं.

धापा टाकत ती माझ्यापुढे आली. मी विचारलं, “मावशी, तुमची जुळी बहीण?”

“मेली,” गयाबाई म्हणाली. “आत्ताच.”

मी अश्विनीला फोन लावला. सगळं गाव कान देऊन उभं. “ती बातमी काढ.”

“काका, पान लागलंय. ‘निरुत्तर झाल्या’सकट!”

“काढ म्हणतो ना! फेर आहे. मी डोळ्यांनी पाहिला. चांगली बातमी आहे, चांगली म्हणून लाव.”

“हेच मी सकाळी म्हणत होते!” ती इतकी मोठ्याने ओरडली की अंगणभर ऐकू गेलं.

पंचमीला दिल्लीची माणसं आली, फेर चित्रित झाला, सगळं यथासांग झालं. पण माझ्या चौकशीच्या त्या संध्याकाळचं अजून थोडं राहिलंय, आणि तेच सांगायला जीभ जड होतेय.

निघताना माधवराव गाडीपर्यंत आले. बरोबर सगळं गाव. म्हणाले, “साहेब, झालं ते झालं. पण लातूरचा मुलगा तर खरा हाय ना? बँकेतला?”

“खरा आहे की,” मी म्हणालो. आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात लालूच शिरली! चार वर्षं झाली, आमच्या चिरंजीवांना मुली बघतोय. बोलायला खणखणीत, शिकलेली, धाडसाची, अशी सून कुठे मिळते? मी सदरा सारखा केला, घसा साफ केला आणि म्हणालो, “मुलाला नाचाचं काही नाही. तुमची हरकत नसेल तर येत्या रविवारी त्याला घेऊन येतो.”

सगळ्यांनी सुरेखाकडे पाहिलं. तिने जरा विचार केला. अगदी शांतपणे म्हणाली, “नको काका. मुलगा चांगलाच असेल. पण सासऱ्याची चौकशी झाली माझी.”