काळं शीड

मुरलीधरकाकांची आणि आमची भिंत एकच. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतली जुनी टेरेस घरं ही, एकाला एक चिकटलेली. पलीकडे कुणी शिंकलं तर इकडून 'ब्लेस यू' म्हणावं. त्यामुळे दर रविवारी संध्याकाळी त्यांचा लँडलाइन दोनदा वाजतो आणि गप्प होतो, हे मला वेगळं कुणी सांगायला नको होतं. तो फोन त्यांच्या मुलाचा, शार्दूलचा, पार स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनहून. काका शेजारीच बसलेले असायचे, पण उचलायचे नाहीत.

रीत जुनी. शार्दूल युनिव्हर्सिटीत असताना बिल वाचावं म्हणून ठरलेलं, दोन रिंगा म्हणजे मी खुशाल आहे, उचलू नका. कधी उचललाच, तर त्यानं समजायचं की घरात काहीतरी वाईट झालंय. पुढे फोन फुकट झाले तरी रीत राहिली, कारण बोलणंच राहिलं नव्हतं. नीनाकाकू आजारी पडल्या तेव्हा शार्दूल समुद्रात तेलाच्या रिगवर होता. पोहोचला तोवर त्या गेल्या होत्या. काका दारातच म्हणाले, "आता माझ्या मयतालाच ये." तोही बापाचाच मुलगा! शब्द धरून बसला.

काका मूळचे मिरजेचे. इथल्या शाळेत जन्मभर प्राचीन इतिहास शिकवला, आणि रिटायर झाल्यावर आमच्या शनिवारच्या मराठी वर्गात मुलांना ग्रीक गोष्टी सांगायला लागले. आपल्या गोष्टी संपल्या का हो, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "अहो, याही बापलेकांच्याच आहेत. आणि एक लक्षात ठेवा, ग्रीकांचा वीर दुर्गुणानं मरत नाही. त्याचा सद्गुणच उतू जातो आणि त्याला बुडवतो."

त्यांची आवडती गोष्ट अथेन्सच्या राजपुत्राची. तो क्रीट बेटावर अर्धा माणूस, अर्धा बैल अशा राक्षसाला मारायला निघतो. जिवंत परत आला तर जहाजाला पांढरं शीड, मेला तर काळं, असं बापाशी ठरलेलं. म्हातारा राजा कड्यावर उभा राहून वाट बघतो. काकांच्या गोष्टीत शेवटी पांढरं शीड दिसायचं आणि राजा धावत बंदरावर जायचा. माझी नऊ वर्षांची मायरा इयर फाइव्हमध्ये, शाळेतही त्यांना ग्रीकच चाललेले. घरी येऊन म्हणाली, "आई, काकांचा स्टोरी राँग आहे. प्रिन्स शीड चेंज करायला विसरतो. मग त्याचा बाबा जंप मारतो."

मला असलं चालत नाही. त्या रविवारी तडक पलीकडे गेले. "काका, पोरांना खोटं का सांगता हो?"

काका फोनशेजारी बसले होते. "म्हातारा कड्यावर उभाय गं, मनीषा," ते म्हणाले. "किती दिवस उभं ठेवू त्याला?" त्यांचे डोळे भरून आले. "मला त्याचा आवाज ऐकायचाय. नुसता आवाज."

तेवढ्यात फोन वाजला. मी काही बोलायच्या आत त्यांनी उचलला.

काकांना कमी ऐकू येतं म्हणून त्या फोनचा आवाज मोठा. मला अक्षर न् अक्षर ऐकू आलं. "हॅलो? कोण बोलतंय?" काका रिसीव्हर कानाशी घट्ट धरून नुसते ऐकत राहिले. "हॅलो? ...बाबा गेले का?" आणि पलीकडे शार्दूल, एवढा मोठा माणूस, ढसाढसा रडायला लागला. "मी निघतो. आत्ता निघतो." फोन बंद.

"अहो, लावा परत!" मी ओरडले. काकांनी रिसीव्हर हातानं दाबून धरला.

"नको. जिवंत आहे म्हटलं तर तो नाही यायचा."

"डोकं फिरलंय का तुमचं? रडत रडत गाडी चालवत येईल तो! वाटेत त्याचंच काही बरंवाईट झालं म्हणजे?"

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी हात काढला. मग आम्ही आळीपाळीनं त्याला फोन लावत बसलो, पण गाडी चालवताना शार्दूल फोन बंद ठेवतो. केवढी ती शिस्त! असा संताप आला मला त्या बापलेकांच्या सद्गुणांचा. शेवटी घरी आले, तर भिंतीपलीकडे काकांच्या चपला या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजत राहिल्या.

सकाळी गाडी थांबल्याचा आवाज आला तशी मी दार उघडलं. काकांनी त्यांचं उघडलं. गेटपाशी शार्दूल उभा होता, डोळे सुजलेले. बापाच्या मयताला आलेला माणूस, आणि दारात बाप! तो बागेच्या बुटक्या भिंतीवर मट्‌कन बसला.

"रस्ताभर तुमच्याशी बोलत आलो, बाबा," तो म्हणाला. "मनात होतं ते सगळं बोलून झालं."

काका अनवाणीच पायरी उतरले, त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि कान पुढे केला.

"मला नाही ऐकू आलं," ते म्हणाले. "परत सांग."